उजव्या हाताचे चित्र, डाव्या हाताचे जग

खाडीवरच्या डोंगरउतारावर, सासरच्या शेताच्या बांधाशी, एक नवी सून वहीत चित्र काढीत उभी आहे. साल १९४४, बंदर जपानी आरमाराचे, कुरे नावाचे. खाली पाण्यात युद्धनौका नांगर टाकून उभ्या आहेत आणि त्या समोर आहेत एवढ्याच कारणाने तिच्या चित्रात उतरत आहेत. इतक्यात लष्करी पोलीस येतात, वही हिसकावून घेतात आणि तिला हेर ठरवून घरी आणतात. सासू आणि नणंद माना खाली घालून, गंभीर चेहऱ्याने ती लांबलचक दटावणी ऐकून घेतात. संध्याकाळी नवरा कामावरून परततो, त्याला हकीकत कळते आणि मग सारे घर हसू लागते. जिला सासरचा पत्तादेखील सासरच्याच माणसांना विचारून घ्यावा लागला, ती मुलगी म्हणे हेर! सगळे पोट धरधरून हसतात. हसू येत नाही ते फक्त सुझुला.

‘या जगाच्या एका कोपऱ्यात’ (मूळ जपानी नाव ‘कोनो सेकाई नो कातासुमी नी’) या हाताने रेखाटलेल्या चित्रपटातील हा प्रसंग वरवर पाहता विनोदी आणि किरकोळ आहे. परंतु चित्रपटाचा सगळा प्रश्न त्यात बीजरूपाने आला आहे असे प्रस्तुत लेखकाला वाटते. युद्धाच्या काळात समोर दिसते ते कागदावर उतरवणे ही निरागस कृती राहू शकते का? पोलिसांच्या दृष्टीने चित्र म्हणजे माहिती, आणि माहिती म्हणजे गुन्हा. घरच्यांच्या दृष्टीने चित्र म्हणजे वेंधळ्या सुनेचा एक छंद. या दोन्ही मतांत चित्र काढणाऱ्या हाताला जागा नाही. सुझुला हसू का येत नाही, याचे उत्तर चित्रपट पुढे सुमारे तासभर देत राहतो, आणि ते उत्तर सुखद नाही.

दिग्दर्शक सुनाओ काताबुची यांचा हा चित्रपट नोव्हेंबर २०१६ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्याचा आधार फुमियो कोनो यांची त्याच नावाची चित्रकथा. कोनो यांचा जन्म हिरोशिमाचा, १९६८चा; म्हणजे अणुबॉम्बनंतरच्या पिढीचा. त्यांची ही चित्रकथा २००७ ते २००९ या काळात एका नियतकालिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या प्रकाशनातील एक योजना ध्यानात घेण्यासारखी आहे. जपानी कालगणनेनुसार ही वर्षे हेइसेइ १९ ते २१ अशी येतात, आणि कथेतील वर्षे शोवा १९ ते २१, म्हणजे १९४४ ते १९४६, अशी आहेत. प्रकरणांना महिन्यांची नावे असून वाचकाच्या महिन्याला कथेतला महिना समांतर चालत राहतो. शोवा २०चा ऑगस्ट वाचकाला हेइसेइ २०च्या ऑगस्टमध्ये गाठायचा होता. कथेतील माणसांना त्या महिन्यात काय होणार ते ठाऊक नाही. वाचकाला ठाऊक आहे, आणि तरीही त्याला त्यांच्याच गतीने तेथवर जावे लागते. कातजाळ्यासारखे घट्ट विणलेले कथानक येथे नाही. दिवस जातात, एवढेच येथे घडते.

चित्रपटाला पैसा मिळवणे सोपे गेले नाही. २०१५ मध्ये लोकवर्गणीचे आवाहन झाले, तेव्हा ३,३७४ व्यक्तींनी मिळून ३ कोटी ९० लाख येनपेक्षा अधिक रक्कम दिली. प्रदर्शनानंतर मात्र चित्र पालटले. ‘किनेमा जुंपो’ या जुन्या व प्रतिष्ठित नियतकालिकाने त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट जपानी चित्रपट म्हणून त्याची निवड केली; ॲनिमेशनच्या वाट्याला हा मान त्याआधी १९८८च्या ‘तोतोरो’ला तेवढा आला होता. या गोष्टी येथे नोंदवल्या त्या केवळ पार्श्वभूमी म्हणून. पुरस्कारांवरून कलाकृतीविषयी फारसे काही कळत नाही.

कथानक थोडक्यात असे. हिरोशिमाच्या एबा या समुद्रकाठच्या भागात सागरी शेवाळ गोळा करून, वाळवून विकणाऱ्या कुटुंबातील सुझु ही मुलगी. हातात पेन्सिल असली की तिला भान राहत नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये तिचे कुरे येथील शूसाकु होजो या तरुणाशी लग्न होते. तो आरमाराच्या लष्करी न्यायालयात कारकून आहे. त्याने तिला लहानपणी एकदा पाहिले होते; तिला त्याची आठवण नाही. सासरी आजारी सासू, विमानांच्या कारखान्यात काम करणारा सासरा आणि काही दिवसांनी लहानग्या हारुमीला घेऊन माहेरी परतलेली, जिभेने तिखट, विधवा नणंद केइको. पुढे शिधा कमी होत जातो, बॉम्बहल्ले वाढत जातात. २२ जून १९४५ रोजी सुझु हारुमीचा हात धरून चालत असताना रस्त्यालगत जमिनीत रुतलेला एक विलंबित स्फोटाचा बॉम्ब फुटतो. हारुमी जाते. तिने धरलेला सुझुचा उजवा हात, चित्र काढणारा हात, जातो. ६ ऑगस्टला हिरोशिमाच्या दिशेला डोंगरामागे एक प्रकाश चमकतो.

आता या चित्रपटाच्या हस्तरेखित असण्याविषयी. ॲनिमेशनमध्ये एका सेकंदाला चोवीस चौकटी जातात, पण प्रत्येक चौकटीसाठी वेगळे चित्र काढणे परवडत नाही. म्हणून जपानमध्ये एकच चित्र दोन-तीन चौकटींपर्यंत धरून ठेवण्याचा, आणि दोन ठळक मुद्रांमधल्या अवस्था गाळून हालचालीला झटका देण्याचा प्रघात आहे. त्यातून एक आकर्षक चपळता येते. काताबुचींनी सुझुच्या बाबतीत नेमके उलट केले. अगदी लहान हालचाली घेतल्या आणि मधल्या अवस्थांची चित्रे गाळण्याऐवजी भरली. त्यामुळे ती शिवताना, तांदूळ धुताना, पाठीवरचे बोचके सावरताना दिसते तेव्हा तिच्या हालचालीत एक प्रकारचा संथ, किंचित संकोची जिवंतपणा जाणवतो. धावण्यापेक्षा उभे राहणे रेखाटणे अवघड, असे चित्रकार म्हणतात. त्याचा प्रत्यय येथे येतो. पात्र जिवंत आहे असे प्रेक्षकाला वाटते ते तिच्या पराक्रमामुळे नव्हे, तर तिला वजन आहे म्हणून. आणि ज्याला वजन आहे तेच हरवू शकते.

या वजनाचा दुसरा स्रोत घरकाम. चित्रपटाचा पहिला अर्धा भाग स्वयंपाकघरात आणि शिवणाच्या टोपलीशी जातो. शिधापत्रकावर मिळणारे धान्य पुरत नाही म्हणून सुझु रानभाज्या खुडते, दुधळीची पाने, गवताचे कोंब, नीलपुष्पे पातेल्यात घालते. एका ऐतिहासिक सेनानीच्या नावाने प्रसिद्ध असलेली भात फुगवण्याची युक्ती ती करून पाहते: तांदूळ आधी भाजायचे, मग रात्रभर पाण्यात ठेवायचे. भात भरपूर होतो आणि बेचव होतो. घरातली माणसे काही न बोलता तो गिळतात. मुंग्यांपासून वाचवावी म्हणून साखरेची वाटी पाण्याच्या घागरीत तरंगत ठेवली जाते, ती बुडते, आणि सासूने गुपचूप दिलेल्या पैशातून काळ्या बाजारात साखर आणायला निघालेली सुझु वाट चुकून वेश्यावस्तीत पोहोचते. मराठी वाचकाला या सगळ्या हकीकतींत कुठेतरी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. काळ, देश, धर्म, सगळेच वेगळे. पण स्वतःच्या फजितीकडे पाहण्याचा तो निर्मळ, तक्रार नसलेला स्वर सारखा आहे. हा स्वर हलका वाटतो म्हणून त्याला वरवरचा समजणारा वाचक दोन्हीकडे फसेल. सुझुच्या डोक्यावर एका जागी चाई पडते. तिचे हसू चालू राहते, पण शरीर खरे सांगत असते.

(सुझु हिरोशिमाकडच्या बोलीत बोलते. तिच्या बोलण्यातला सैल, ओढलेला गोडवा उपशीर्षकांतून पूर्णपणे हरवतो. अहिराणीतली किंवा मालवणीतली कथा परभाषेत नेऊन पाहिलेल्यांना हे नुकसान किती मोठे आहे ते सांगायला नको.)

ही प्रेमकथा आहे का? आहे, पण प्रेमाची सुरुवात लग्नानंतर होते आणि तीही अडखळत. सुझु सासरी येते तेव्हा तिला हा नवरा हवा आहे की नको, याचा विचार करायला कुणी शिकवलेले नाही. मागणी आली, नाकारण्याजोगे काही नव्हते, ती गेली. आपल्याकडच्या वाचकाला हे स्पष्ट करून सांगावे लागणार नाही. चित्रपटाचे वैशिष्ट्य असे की या प्रकारच्या विवाहाला तो अन्याय म्हणून उघडा करीत नाही आणि सोज्वळ म्हणून पूजितही नाही. डिसेंबर १९४४ मध्ये सुझुचा शाळासोबती तेत्सु मिझुहारा, आता नौदलातला खलाशी, रजेवर तिच्या सासरी येतो. त्या रात्री शूसाकु पाहुण्याला घराबाहेरच्या कोठीच्या माळ्यावर झोपायला पाठवतो, सुझुच्या हाती शेगडी देऊन तिलाही त्याच्याकडे धाडतो आणि मागून घराचे दार लावून घेतो. हा माणूस परत येणार नाही, आणि या दोघांचे एकमेकांवर मन असावे, असे त्याला वाटते. हे औदार्य आहे की क्रौर्य? सुझु मिझुहाराला सांगते की असा दिवस यावा म्हणून आपण कधीपासून वाट पाहत होतो, पण आता आपल्याला राग येतो आहे तो नवऱ्याचा. त्या रागात तिला प्रथमच कळते की आपण या नवऱ्यावर प्रेम करू लागलो आहोत. पुढे आगगाडीत दोघांचे जे भांडण होते, ते या दांपत्याचे पहिले खरे संभाषण होय. प्रेमाची खूण म्हणून रागाची निवड करणे हे लेखिकेच्या मानवी समजेचे द्योतक आहे.

मिझुहाराशी सुझुचा संबंध चित्राचा आहे. शाळेत असताना त्याचा भाऊ समुद्रात बुडून मेला. त्या भावाची पेन्सिल तो सुझुला देतो. चित्राच्या तासाला त्याने समुद्र काढायला हवा, पण त्याला समुद्राचा द्वेष वाटतो. त्याच्या वाट्याचे चित्र सुझु काढून देते. लाटांच्या फेसाळ शेंड्यांच्या जागी पांढरे ससे उड्या मारताना काढते. तो म्हणतो, की आता समुद्राचा द्वेषही करता येईनासा झाला. मग तो समुद्राकडे चालत जातो आणि पडद्यावरचा देखावा पाहतापाहता तिच्या जलरंगाच्या फटकाऱ्यांचा बनतो. तिने काढलेल्या जगात तो शिरतो.

येथे चित्रकलेचे एक कार्य स्पष्ट होते. ती दुःखाला सुसह्य करते. पण तसे करताना ती दुःखाचा विषय बदलून टाकते. मारणाऱ्या समुद्राचे ससे होतात. बालपणात ही सांत्वना निर्दोष आहे. प्रश्न असा की पुढे, जेव्हा समुद्राच्या जागी विमाने येतात, तेव्हाही तो हात ससेच काढीत राहणार का?

१९ मार्च १९४५ रोजी कुरेवर पहिला मोठा हवाई हल्ला होतो. सुझु हारुमीसह शेतात आहे. डोंगरावरून विमाने येतात, बंदरातील विमानभेदी तोफा सुरू होतात, आणि आकाशात निळे, लाल, पिवळे, पांढरे धूर फुटू लागतात. सुझु पाहत उभी राहते. येथे आत्ता रंग असते तर, असा विचार तिच्या मनात येतो. लगेच आकाशावर कुंचल्याचे जाड ठसे उमटू लागतात. प्रत्येक स्फोट म्हणजे ओल्या रंगाचा एक थेंब. असला विचार आपल्या मनात यावा याचे तिलाच आश्चर्य वाटते. सासरा धावत येऊन दोघींना जमिनीवर पाडतो आणि वर झाकून पडतो. पोलादाचे तुकडे पावसासारखे पडत असतात.

या काही सेकंदांपाशी थांबणे आवश्यक आहे. आपल्या परंपरेत या अनुभवाचा विचार करण्यासाठी उपयुक्त अशी परिभाषा आहे. अभिनवगुप्तांनी रसास्वादातील जी सात विघ्ने सांगितली, त्यांतील एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे. नाट्यगृहात प्रेक्षक या विवशतेतून काही काळ मुक्त होतो. वादकांचे सूर, रंगमंडप, नटांचे अलंकार यांची योजना त्यासाठीच असते. सुझुच्या भोवती यांपैकी काहीही नाही. तिच्यावर खरोखर गोळ्यांचे तुकडे पडणार आहेत. तरीही क्षणभर ती विवश नाही. भय असायला हवे तेथे तिला केवळ रंग आणि आकार दिसतात. मर्ढेकरांनी लौकिक भावना आणि सौंदर्यभावना यांत जे अंतर मानले, त्याचे इतके नग्न उदाहरण क्वचितच सापडेल. मर्ढेकरांच्या बाजूने कोणी म्हणेल, की पाहा, शुद्ध सौंदर्यानुभव शक्य आहे, मृत्यूच्या छायेतही. पण चित्रपट असे म्हणत नाही. तो त्या क्षणाला सुंदर करतो, आपल्यालाही त्या सौंदर्यात ओढतो, आणि लगेच सासऱ्याचे शरीर तिच्यावर आणून टाकतो. जिच्या हाताला सुझुने धरले पाहिजे, ती हारुमी त्या वेळी तिच्या शेजारीच उभी असते. प्रेक्षक रंग पाहताना तिला विसरलेला असतो. ही विस्मृती आपली आहे. चित्रपटाने ती आपल्याकडून करवून घेतली आहे.

प्रसंगाचा शेवट मात्र पुन्हा हास्याचा. विमाने गेल्यावर सासरा निश्चल पडलेला असतो. गोळी लागली असावी असे वाटते. पण रात्रपाळी करून आलेला तो थकलेला माणूस झोपी गेलेला असतो. अशा मिश्रणाला काही समीक्षक भावनिक हिशेबीपणा म्हणतील. मला तसे वाटत नाही. करुणाला हास्याचा स्पर्श होणे अनुचित, हा आपल्या काव्यशास्त्रातील संकेत दरबारी नाटकांना शोभतो. घरात माणसे मरण्याच्या दिवशीही कुणाला झोप लागते.

यानंतर तीन महिन्यांनी तो बॉम्ब फुटतो. रुग्णालयात सासऱ्याला भेटून परतताना हारुमीला बंदरातील नौका पाहायच्या आहेत. भावाला सांगण्यासाठी ती नौकांची नावे पाठ करीत असते. कुंपणाला एक फट आहे. स्फोट दाखवलेला नाही. पडदा काळा होतो आणि त्यावर कोरल्यासारख्या थरथरत्या पांढऱ्या रेषा, ठिपके, ठिणग्या उमटतात. फिल्मच्या पट्टीवर थेट ओरखडे काढून चित्र करणाऱ्या नॉर्मन मॅकलॅरेन यांच्या पद्धतीची येथे आठवण होते. मघाशी आकाशाला रंगांनी भरणारा चित्रपट येथे रंगही नाकारतो आणि आकारही. रेषा उरते, पण ती कशाचेच चित्र नसते. युद्धाच्या भीषणतेला रूप देण्यास कला असमर्थ आहे असे विधान अनेकांनी शब्दांत केले आहे. ते रेषेत करणे अधिक अवघड आहे.

चित्रकथेत कोनो यांनी आणखी एक गोष्ट केली. सुझुचा उजवा हात गेल्यानंतर त्यांनी पार्श्वभूमीची चित्रे स्वतःच्या डाव्या हाताने काढली. घरे वाकडी होतात, डोंगराची कड डळमळते. चित्रपटानेही काही काळ हे वाकडे जग स्वीकारले आहे. सुझुला वाटते की सगळे जग डाव्या हाताने काढल्यासारखे वाकडे झाले आहे. येथे एक सूक्ष्म गोष्ट उघड होते. इतका वेळ आपण जे नेटके, मऊ, जलरंगी जग पाहत होतो ते तटस्थ नव्हते. ते सुझुच्या उजव्या हाताचे जग होते. गोड दिसत होते कारण एका प्रेमळ आणि थोड्या बेसावध हाताने ते काढले होते. साहित्यात निवेदकाची अविश्वसनीयता आपण शब्दांतून ओळखतो. येथे ती रेषेतून, आणि तीही मागाहून, ओळखू येते.

घरातील माणसे सुझुला म्हणतात, तू वाचलीस हे बरे झाले. ‘बरे’ या शब्दाचा अर्थ तिला लागेनासा होतो. बरे कशात? ती आपल्या हाताची उजळणी करते. अमुक महिन्यात या हाताने काय केले, कुणाला स्पर्श केला, काय रेखाटले, आणि जूनमध्ये कुणाचा हात धरला होता. नुसती यादी, विशेषण नाही. डाव्या हातात हारुमीला धरले असते तर, हा विचार मात्र तिला सोडत नाही. केइको दुःखाच्या आवेगात तिला मुलीच्या मृत्यूला जबाबदार धरते, आणि पुढे ६ ऑगस्टच्या सकाळी तीच तिचे केस विंचरते, एका हाताने कपडे घालता यावेत म्हणून मदत करते, आणि तू कुठे राहायचे ते तूच ठरव, येथे राहा वा माहेरी जा, असे सांगते. सुझुने त्या दिवशी हिरोशिमाला, एबाच्या उत्सवाला, जावे असे तिच्या बहिणीचे बोलावणे होते. खोलीत प्रकाश भरतो तो या दोघींच्या बोलण्याच्या मध्येच.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो गंभीर आहे. कुरे हे केवळ एक सुंदर बंदर नव्हते. ‘यामातो’ ही प्रचंड युद्धनौका तेथे बांधली गेली. ज्या आरमाराने आशियाभर आक्रमण केले, त्याचे ते एक मुख्य केंद्र होते. चीनमध्ये, कोरियात, आग्नेय आशियात जपानने जे केले त्यातील जवळजवळ काहीच या चित्रपटात येत नाही. साध्या घरातील साधी माणसे, वरून पडणारे बॉम्ब. मग दोष कुणाचा? ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील लढाई आणि अंदमानातील जपानी अंमल ज्या देशाच्या स्मरणात आहे, त्या भारतातील वाचकाने हा प्रश्न विचारणे रास्तच आहे.

या आक्षेपाचे उत्तर चित्रपटात आहे, पण ते अपुरे आहे. १५ ऑगस्टला सम्राटाचे भाषण रेडिओवरून ऐकल्यावर इतर बायका निमूट उठतात. सुझु मात्र चिडते. आपण पाच जण अजून जिवंत आहोत, आपला डावा हात आणि दोन पाय शाबूत आहेत, मग संपले कसे, असे ती म्हणते. शेतात जाऊन जमिनीवर कोसळून रडते. चित्रकथेत या प्रसंगी तिच्या डोळ्यांना दूरवर एक कोरियन ध्वज फडकताना दिसतो, आणि ज्या बळाने आपण इतरांना दडपले त्याच बळापुढे आपण झुकतो आहोत, अशी जाणीव ती उच्चारते. चित्रपटात ध्वज आहे, पण तिचे उद्गार बदलले आहेत: समुद्रापलीकडून आलेल्या तांदळाने आणि सोयाबीनने आपले शरीर घडले आहे, म्हणून बळापुढे झुकावे लागते का, असे ती विचारते. बदलाचे समर्थन करता येते. सुझु राजकारणाची भाषा जाणत नाही. ती रोज तांदूळ मोजणारी बाई आहे. तिला साम्राज्य दिसले तर ते पातेल्यातच दिसेल. औचित्याच्या दृष्टीने चित्रपटाचे वाक्य पात्राला अधिक शोभते, हे मान्य. तरीही माझे मत चित्रकथेच्या बाजूने आहे. दीड तास भाताची, पाल्याची, सोयाबीनची हकीकत ऐकलेल्या प्रेक्षकाला नव्या वाक्यातले तांदूळ परिचित वाटतात आणि तो त्यावरून पुढे सरकतो. ज्यांच्या तोंडचा घास काढून तो तांदूळ आला, ती माणसे त्या वाक्यात नाहीत. मूळच्या वाक्यात ती होती. पात्राला शोभणारे वाक्य आणि पात्राला हादरवणारे वाक्य यांत दिग्दर्शकाने पहिले निवडले आहे.

याच्याशी संबंधित आणखी एक वगळणूक २०१६च्या आवृत्तीत होती, आणि ती प्रेमकथेच्या मुळाशी जाणारी होती. साखर आणायला निघालेल्या सुझुला वाट दाखवणारी रिन ही वेश्या. सुझु तिला कलिंगडाचे चित्र काढून देते. चित्रकथेत पुढे सुझुला कळते की लग्नापूर्वी शूसाकुचा रिनशी संबंध होता. त्याच्या वहीचा फाटलेला कोपरा आणि रिनच्या गळ्यातील नावाची चिठ्ठी जुळतात. २०१६च्या चित्रपटात फाटलेली वही दिसते, पण तिचा अर्थ सांगितला जात नाही. डिसेंबर २०१९ मध्ये काताबुचींनी १६८ मिनिटांची विस्तारित आवृत्ती आणली आणि रिनला तिची जागा परत दिली. त्यामुळे सुझुचा स्वभाव पालटतो. ती केवळ गोड, वेंधळी राहत नाही. तिला मत्सर कळतो, आपण दुसऱ्या कुणाच्या जागी आलो आहोत ही बोच कळते, आणि तरीही ज्या बाईचा मत्सर करायचा तिच्याविषयी तिला माया वाटते. मिझुहाराच्या रात्री नवऱ्यावर आलेला तिचा रागही आता अधिक गुंतागुंतीचा होतो. लहान आवृत्तीचा घाट अधिक बांधीव आहे, यात शंका नाही; विस्तारित आवृत्ती मध्ये मध्ये रेंगाळते. पण ‘या जगाच्या एका कोपऱ्यात’ या नावाचा अर्थ रिनशिवाय पुरा होत नाही. सुझुला कोपरा मिळाला. रिनला विकत घेतलेल्या घरातला कोपरा होता, आणि तो जुलैच्या आगीत गेला. विद्यार्थ्यांनी दोन्ही आवृत्त्या पाहाव्यात, आधी लहान, मग मोठी.

युद्धावरील जपानी ॲनिमेशनमध्ये या चित्रपटाचे स्थान कोणते? केइजी नाकाझावा यांच्या चित्रकथेवरील १९८३चा ‘हादाशी नो गेन’ अणुबॉम्बचा तो क्षण थेट, असह्य स्पष्टतेने दाखवतो. तो संतापाचा चित्रपट आहे. इसाओ ताकाहाता यांचा १९८८चा ‘होतारु नो हाका’ दोन अनाथ भावंडांचे मरण सुरुवातीलाच सांगून टाकतो आणि मग मागे वळतो. तो शोकाचा चित्रपट. काताबुचींच्या चित्रपटात संताप एकदाच येतो आणि शोक फार कमी वेळ टिकतो, कारण संध्याकाळी स्वयंपाक करायचा असतो. त्याची जात बखरीची, किंवा खरे तर रोजनिशीची आहे. म्हणूनच दिग्दर्शकाने त्या त्या तारखेचे हवामान, बंदरात त्या दिवशी उभ्या असलेल्या नौका, भोंगे वाजण्याच्या वेळा यांचा वर्षानुवर्षे शोध घेतला. हा शोध वास्तववादाच्या हौसेपोटी झालेला नाही. हिरोशिमातील नाकाजिमा हा गजबजलेला व्यापारी भाग, जेथे लहान सुझु १९३३च्या नाताळाच्या सुमारास शेवाळाचे गठ्ठे पोहोचवायला जाते, तो ६ ऑगस्टला नाहीसा झाला. आज तेथे शांतता उद्यान आहे. जुनी छायाचित्रे आणि तेथे वाढलेल्यांच्या आठवणी यांच्या आधारे कातबुचींच्या चमूने तेथील दुकाने, पाट्या, दारात उभी असलेली माणसे पुन्हा काढली. काही सेकंदांसाठी ती पडद्यावर येतात आणि जातात. ज्यांची घरे कुणाच्याच कागदावर उरली नाहीत, त्यांच्यासाठी चित्र काढणे ही येथे सांत्वना नाही. ती नोंद आहे. सशांच्या लाटांपासून हा प्रवास कुठे आला, ते पाहण्यासारखे आहे.

सुझु स्वतः पुन्हा चित्र काढते का, याचे उत्तर चित्रपट देत नाही. जानेवारी १९४६ मध्ये ती नवऱ्यासह हिरोशिमात येते. ज्या घुमटाच्या इमारतीचे तिने लग्नानंतरच्या पहिल्या माहेरपणात निरोपाचे चित्र काढले होते, तिचा सांगाडा नदीकाठी उभा आहे. दोघे बसून शिदोरी खातात. सुझुच्या हातून भाताचा एक मुटका खाली पडतो आणि एक अनाथ मुलगी तो उचलते. मुलीच्या आईचा स्फोटात उजवा हात तुटला होता. त्या अवस्थेत तिने मुलीला ओढत नेले आणि मग ती भिंतीशी बसल्या जागी मेली. मुलगी मुटका परत देऊ पाहते, मग सुझुची रिकामी उजवी बाही पाहते आणि तिला बिलगते. जे हरवले तीच ओळखीची खूण झाली. लेखिकेने यावर एकही स्पष्टीकरणाचा शब्द खर्चलेला नाही. मुलीला घेऊन ते कुरेला परततात. घरात शिरल्यावर तिच्या अंगावरच्या उवा पाहून बायकांची धावपळ उडते, आणि केइको हारुमीचे जुने कपडे बाहेर काढते.

श्रेयनामावली संपल्यावर वर्गणी देणाऱ्यांची नावे सरकू लागतात, तेव्हा त्यांच्या शेजारी ओठांच्या लालीने काढलेल्या पुसट रेषांत रिनचे बालपण येते: आजीच्या घराच्या माळ्यावरून उतरून कलिंगडाच्या साली चोखणारी मुलगी, आणि तिच्यासाठी फोड आणणारी सुझु. २०१६च्या प्रेक्षकांना ज्या रिनची पुरी गोष्ट सांगितली नव्हती ती येथे, चित्रपट संपल्यानंतर, पुष्कळजण उठून गेल्यावर, नावांच्या कडेकडेने सांगितली जाते. रेषा ओढणारा तो उजवा हात कोपराच्या खाली तुटलेला आहे, एकटाच आहे. शेवटी तो प्रेक्षकांकडे वळतो आणि निरोप घेतल्यासारखा हलतो.